पायपेटी विकणे आहे

गेल्या वैशाखात मी आयुष्यातली पहिली जाहिरात लिहिली. तीन कादंबऱ्या लिहून झालेल्या आणि वीस वर्षे मुलांचे निबंध तपासलेल्या माणसाला चार ओळींच्या जाहिरातीचे काय अवघड, असे कोणालाही वाटेल. मलाही तसेच वाटले होते. सकाळच्या चहानंतर ओटीवर बसून मी एका दमात लिहून टाकले : 'संगीत रंगभूमीच्या वैभवकाळाची साक्षीदार असलेली, घराण्यात जपलेली दुर्मिळ पायपेटी रसिकांस योग्य किमतीत देणे आहे.'

आई तांदूळ निवडत बसली होती. तिला वाचून दाखवले. तिने सुपातून मान वर न काढता विचारले, "वाजते का, ते कुठे लिहिलेस?"

"थोडी वाजते."

"मग 'थोडी वाजते' असे लिही. आणि जपलेली कुठली? उंदरांनी भाता खाल्ला तेव्हा जपणारे कुठे होते?"

मी दुसरा खर्डा केला. त्यात 'दुर्मिळ' गेले, 'वैभवकाळ' राहिला. आईने वैभवकाळही काढायला लावला. तिसरा खर्डा झाला तो असा : 'जुनी पायपेटी विकणे आहे. भाता फाटलेला. सात सूर मुके. एका पायाला वाळवी. दुरुस्त करून वाजवणाऱ्यानेच यावे.' यातले शेवटचे वाक्य आईचे. त्याच्यामुळे गिऱ्हाईक कमी होईल, असे मी म्हणालो. ती म्हणाली, "होऊ दे."

खरे सांगायचे तर पेटी विकावी हे आईनेच काढले होते. मी विरुद्ध होतो. आमचे घर रत्नागिरीपासून अर्ध्या तासावर, खाडीच्या वरच्या अंगाला. जांभ्याच्या भिंती अजून शंभर वर्षे हलणार नाहीत. पण पडवीचे वासे कुजले होते आणि कौले सरकली होती. आमच्याकडे पाऊस दरसाल तीन हजार मिलिमीटरांच्या वर पडतो, म्हणजे वरून माणसाच्या उंचीच्या दुप्पट पाणी येते म्हणा ना. पेटी होती ती नेमकी पडवीच्या कोपऱ्यात. मागच्या श्रावणात तिच्यावर पागोळी धरली आणि आम्ही तिच्यावर मेणकापड घातले. मेणकापडाखाली बुरशी आली. सुताराने पडवीचा अंदाज काढून दिला, तो आकडा माझ्या पगाराच्या तोंडात मावणारा नव्हता. तेव्हा आई म्हणाली, "पेटी आहे ना."

माझ्या तोंडून एकदम निघून गेले, "आजोबांची पेटी?"

"आजोबांची होती तेव्हा वाजत होती," आई म्हणाली.

ही पेटी आमच्या घरी कशी आली ती गोष्ट लहानपणापासून इतक्यांदा ऐकली आहे की ती मीच पाहिली असे मला वाटते. आजोबाही शाळामास्तर. नाटकाचा नाद जबर. मुंबईत 'आलम आरा' १९३१ साली लागला, 'अयोध्येचा राजा' १९३२ साली. चित्रे बोलू लागली आणि गाणाऱ्या नाटक मंडळ्या एकामागून एक बसल्या. पडदे, मुकुट, भरजरी शालू, मखमली गाद्या, सगळे विकायला निघाले. अशाच एका मोडलेल्या मंडळीची पायपेटी मुंबईला गिरगावात विकायची आहे असे १९४० साली आजोबांना कळले. पैसे नव्हते. आजीच्या पाटल्या होत्या. पाटल्या गहाण पडल्या त्या पुन्हा घरी आल्या नाहीत. आजी याबद्दल कधी बोलली नाही म्हणतात. पण पेटीवरची धूळही तिने कधी पुसली नाही.

पेटी आली आगबोटीने. त्या काळी बोट रत्नागिरीला धक्क्याला लागत नसे. समुद्रात नांगर टाकून उभी राही आणि माणसे, माल पडावात उतरवून किनाऱ्याला आणीत. पेटी पडावात उतरवताना लाट आली आणि तिचा एक पाय खाऱ्या पाण्यात बुडून निघाला. त्या पायाचे लाकूड पुढे कायम फुगलेले राहिले आणि वाळवीने शेवटी गाठले तेही त्यालाच. आमच्या गावाचा हा एक स्वभावच आहे. समुद्रावरून येथे जे आणले जाते ते परत जात नाही. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८६ साली इंग्रजांनी येथे आणून ठेवले. तो १९१६ साली येथेच वारला आणि त्याचा राजवाडा अजून खाडीकडे बघत उभा आहे. आमची पेटी त्या मानाने लहान, पण जातकुळी तीच.

पायपेटी आता फार जणांनी पाहिलेली नसते म्हणून सांगतो. भजनात मांडीपुढे घेतात ती हातपेटी. तिचा भाता डाव्या हाताने हलवायचा आणि वाजवायला उरतो एकच हात. पायपेटीला पाय असतात आणि खाली पायटा. वाजवणारा खुर्चीवर बसून पायाने भाता मारतो आणि दोन्ही हातांनी वाजवतो. सुरांना भरपूर वारा मिळतो, आवाज मोठा निघतो. मांडवात हजार माणूस बसलेले, ध्वनिक्षेपक नाही, अशा वेळी नटाचा सूर शेवटच्या रांगेतल्या पोराच्या कानापर्यंत पोचवायचा तर हेच वाद्य हवे. यंत्र मूळचे फ्रान्सचे. पॅरिसमध्ये देबेन नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत ते सिद्ध केले, मिशनऱ्यांबरोबर ते इकडे आले, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी त्याला मांडी घालून बसायला शिकवले, आणि महाराष्ट्रात नाटकवाल्यांनी त्याला जावई करून घेतले. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांनी तर एकट्या पेटीच्या मैफली गाजवल्या. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या 'मानापमाना'च्या चाली त्यांच्याच.

आणि योग असा की, ज्या साली आजोबांनी पाटल्या देऊन पेटी आणली त्याच साली, १९४० मध्ये, रेडिओने पेटीला दाराबाहेर काढले. पेटीचे बारा सूर ठोकून बसवलेले. दोन सुरांच्या मधली वाट तिला माहीत नाही. मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. आपल्या गाण्याला ती बिघडवते, असा तज्ज्ञांचा आक्षेप. तो खोटा नाही. बंदी १९७१ पर्यंत चालली. आजोबांना हे कोणी वाचून दाखवले की ते म्हणत, "रेडिओवर खाँसाहेब गातात, त्यांना पेटी कशाला? आमचा नारद रंगमंचावर येतो तो भेदरलेला असतो. त्याचा हात कोणी तरी धरायला हवा की नाही?" देवाच्या उत्सवात गावकरी 'सौभद्र' करीत, 'शारदा' करीत. नारद पोस्टमन असे, बलराम सोसायटीचा चिटणीस. आजोबा खाली खुर्चीवर बसत आणि ज्याचा सूर पडेल त्याला पेटीने उचलून धरीत. त्यांचे संगीताचे शास्त्र एवढेच होते. मला ते अजून पुरेसे वाटते.

आजोबा गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. वडिलांना गाण्याचे अंग नव्हते. उत्सवातली नाटके आमच्या गावात तरी बंद पडली. पेटी पडवीत राहिली. तिच्यावर प्रथम वर्तमानपत्रे आली, मग पोफळीच्या सुपाऱ्या वाळत पडल्या, मग मेणकापड. मी तिच्यावर एक कथा लिहिली होती. ती बऱ्यापैकी गाजली. कथा लिहिली त्या वर्षी मी पेटीचे झाकण एकदाही उघडले नव्हते, हे येथे कबूल करतो.

जाहिरात स्थानिक दैनिकात आली. पहिल्या दिवशी दोन दूरध्वनी आले. एकाला शिवणयंत्र हवे होते. तिसऱ्या दिवशी समुद्राकाठच्या एका पाहुणघराचे मालक मोटार घेऊन आले. सभ्य माणूस. पेटीभोवती फिरले, फोटो काढले, बोटाने वार्निश खरवडून पाहिले आणि म्हणाले, "सुंदर. पंधरा हजार देतो."

मी जाहिरातीतले दोष पुन्हा सांगू लागलो. भाता, सात सूर, वाळवी. ते हसले. "गुरुजी, मला वाजवायची नाही. आतले सगळे काढून टाकू. वरून काच बसवू. पाहुणे येतात त्यांची नावे लिहायला टेबल होईल. लोकांना जुने आवडते."

पंधरा हजार म्हणजे पडवीचे वासे, रीपा आणि मंगलोरी कौले मिळून जवळजवळ सगळे. मी होकाराच्या तोंडावर होतो. एवढ्यात आई आतून म्हणाली, "कळवतो म्हणावे." मोटार गेल्यावर मी तिला म्हणालो की पैशांची गरज मला नाही, घराला आहे. ती म्हणाली, "जाहिरात वाच." मी जाहिरात वाचायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लांज्याकडचा एक तरुण एस.टी.ने आला. पाठीला पिशवी, पायांत झिजलेल्या चपला. धंद्याने सुतार, पण मिरजेला दोन वर्षे राहून पेटीचे काम शिकलेला. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे सगळ्या देशाला माहीत आहेत, त्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण त्याच गल्ल्यांतून पेट्याही बऱ्या होतात, हे मला त्याच्याकडून कळले. आता तो आसपासच्या भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करतो. "गणपती आले की सगळ्यांना पेटी आठवते," तो म्हणाला, "तोपर्यंत ती माळ्यावर."

त्याने फोटो काढले नाहीत. आधी पायटा दाबून कान लावला आणि वारा कुठून निसटतो ते ऐकले. मग स्क्रू काढले, वरची फळी उचलली आणि एकेक सूर उपसून अंगणात पसरलेल्या पंच्यावर ओळीने मांडू लागला. पेटीचा सूर म्हणजे काय हे मी प्रथमच पाहिले. पितळेची बोटभर चौकट आणि तिच्यात एका टोकाला जखडलेली पितळेचीच पातळ पात. वारा गेला की पात थरथरते, एवढाच सगळा चमत्कार. खाऱ्या हवेने कित्येक पातींवर हिरवा थर चढला होता. तो एक सूर उन्हात डोळ्यापुढे धरी आणि पात व चौकट यांच्यामध्ये केसाएवढी उजेडाची रेघ चहूबाजूंनी सारखी दिसते का पाही. जी पात कुठे टेकली असेल ती मुकी. तोंडाने फुंकर मारून त्याने एक मुका सूर तेथल्या तेथे बोलका केला, तेव्हा शेजारची दोन पोरे टाळ्या वाजवू लागली.

"सूर पॅरिसचे आहेत," तो म्हणाला. "असे आता मिळत नाहीत. लाकूड गेले तरी चालेल, लाकूड माझ्या हातातले आहे."

भाता उघडला तेव्हा मात्र मी पुढे सरकलो. आतल्या घड्या जिथे जिथे फाटल्या होत्या तिथे आजोबांनी खळ लावून कागद चिकटवले होते. आणि ते कागद होते शाळेच्या हजेरीपत्रकाचे. शाईच्या उभ्या-आडव्या रेघा, मुलांची नावे, हजर-गैरहजरच्या खुणा. कोणी तरी सलग अकरा दिवस गैरहजर होता; त्याच्यापुढे आजोबांच्या वळणदार अक्षरात 'भातलावणी' असे लिहिले होते. सरकारी दप्तराचा असा उपयोग केल्याबद्दल त्यांची चौकशीच व्हायला हवी होती! मी त्या कागदाकडे पाहत राहिलो. माझ्या कथेत आजोबा होते, पाटल्या होत्या, आगबोट होती. हा मुलगा नव्हता.

"हे सगळे काढावे लागेल, गुरुजी," तो तरुण हळूच म्हणाला. "कातडे नवे घालायला हवे. जपून सोडवतो. कागद तुम्हाला आणून देईन."

मग तो ओळीतला एक सूर उचलून म्हणाला, "हा कोणी तरी घासलाय. काळी चारचा. टोकाकडे कानस लागलीय, त्यामुळे चढा झालाय."

मी काही बोलायच्या आत माजघराच्या दारातून आई म्हणाली, "मामंजींनी घासला. 'सौभद्रा'च्या आदल्या रात्री. उतरला होता, तो सारखा करायला गेले आणि चढवून बसले. मी समईत तेल घालत होते. मला म्हणाले, कुणाला सांगू नकोस."

तरुण हसला. आई बाहेर येऊन जोत्यावर बसली. म्हणाली, "आणि वरच्या सप्तकातली पांढरी दोन बघ. ती पावसाळ्यात दाबली की वर येत नाही. नखाने उचलावी लागते. खालच्या काळी पाचचा सूर धरला की आत काही तरी खुळखुळते. ते सुरात नाही, फळीत आहे." तो पाहू लागला. फळीत एक खिळा सुटलेला निघाला. आई एकेक सांगत गेली आणि तो एकेक बाजूला काढीत गेला. जाहिरातीतले माझे सात मुके सूर प्रत्यक्षात पाच होते; दोन, तिच्या म्हणण्याप्रमाणे, "जोरात पाय मारला की बोलतात."

मी म्हणालो, "तुला हे कसे ठाऊक?"

"वाजवायची ना मी."

"कधी?"

"दुपारी. मामंजी शाळेत, सासूबाई निजलेल्या. पायटा हळू दाबला की पडवीबाहेर आवाज जात नाही." मग त्या तरुणाकडे वळून, जणू पुढचे त्यालाच कळण्यासारखे होते, "माझा सूर काळी चार. म्हणून तो घासला तेव्हा मलाच जड गेले. सगळे गाणे जरा वरून म्हणावे लागे."

चाळीस-पंचेचाळीस वर्षे मी या बाईचा मुलगा आहे. तिने आरतीखेरीज काही म्हटलेले मी ऐकलेले नाही. आजोबा गेल्यावर तिने पेटी का उघडली नाही, हे मला विचारावेसे वाटले. पण तो तरुण सूर पुसत होता, पोरे उभी होती. आणि असल्या प्रश्नांना आईच्या कपाळावर जी आठी पडते ती मला माहीत आहे. पुढे एकदा, भांडी घासताना, तिने आपण होऊन सांगितले : "ते होते तोवर ऐकून पाठ करायला काही तरी होते. मग तू लहान, तुझ्या बाबांचे दुखणे. राहिले." एवढेच.

पैशांचे बोलणे निघाले. तो म्हणाला, सहा हजार. दोन आत्ता, चार गणपतीनंतर. ते सांगताना त्याची मान खाली गेली, कारण आदल्या दिवशीचा आकडा त्याला गावातल्याच कोणी तरी सांगितलेला होता. "दुरुस्तीलाच मला आठ-नऊ हजार लागतील," तो म्हणाला, "कातडे, लोकर, नवा पाय. मजुरी धरली तर जास्त. विकायची नाही मला. आमच्या मंडळात वाजवीन."

मी आईकडे पाहिले. शाळेत मी मुलांना नफा-तोट्याची गणिते घालतो. हे गणित मला सुटत नव्हते असे नाही, त्याचे उत्तर लिहायला हात होत नव्हता. नऊ हजारांचा फरक. डोक्यावर पाऊस दीड महिन्यावर.

आई म्हणाली, "पडवीला यंदा पत्रा घालू." आणि उठता उठता : "पाटल्यांची पेटी झाली, पेटीचा पत्रा. सासूबाई असत्या तर हसल्या असत्या."

तिसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन आला. पायटा बांधून, पाय दुमडून, जुन्या गोधड्यांत गुंडाळून पेटी निघाली. आईने तिच्यावर हळदकुंकू वगैरे काही वाहिले नाही. मला ते सुचले होते, पण कथेतल्यासारखे वाटेल म्हणून मीही गप्प राहिलो. पडवीच्या जमिनीवर सारवणात चार पायांचे चार खळगे राहिले. दुसऱ्या दिवशी आईने त्या जागी आमसुले वाळत घातली.

पत्र्याबद्दल एक शब्द बोलायला हवा. आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळतो तेव्हा घरात शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. कादंबरीचे एक प्रकरण मी त्या आवाजापायी भाद्रपदापर्यंत लांबणीवर टाकले. कौलांचा पाऊस निराळा असतो. पाहुणघराच्या मालकांची मोटार त्या दिवसांत मला दोनतीनदा आठवली, हे लपवण्यात अर्थ नाही.

गणपतीनंतर तो तरुण उरलेले चार हजार घेऊन आला. वहीच्या पुठ्ठ्यात घालून हजेरीपत्रकाचे कागदही आणले. खळ भिजवून, न फाडता सोडवलेले. मग नवरात्रात त्याने दूरध्वनी केला की त्यांच्या गावच्या देवीपुढे भजन आहे, काकूंना घेऊन या.

आम्ही गेलो. देवळाच्या मंडपात बायकांच्या बाजूला आई भिंतीला टेकून बसली, मी पुरुषांच्या बाजूला. मध्ये दोन हातांची वाट. पेटी पाहिली आणि प्रथम ओळखू आली नाही. फुगलेल्या पायाच्या जागी फणसाच्या लाकडाचा नवा पिवळा पाय होता. बाकी तीन जुने, काळे. मृदंग लागला, झांजा लागल्या, आणि त्याने पायटा दाबला. आवाज मोठा होता. मला वाटत होते त्याहून पुष्कळ मोठा. बुवा म्हातारे होते, वरच्या सुराला त्यांचा गळा कापे, तेव्हा पेटी खालून येऊन त्यांना उचलून घेई.

मी आईकडे पाहिले. तिचे डोळे मिटलेले होते. उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर हलत होता, दाबावा आणि सोडावा तसा.

आरती झाल्यावर तो तरुण घाम पुसत आला आणि आईच्या पाया पडला. "कशी वाटली, काकू?"

आई म्हणाली, "भाता छान धरलास. काळी चार अजून चढी आहे."

"आहे," तो म्हणाला. "उतरवायची तर मुळाशी घासावी लागते. पात फार पातळ झालीय, तुटेल म्हणून हात लावला नाही."

"नको लावूस," आई म्हणाली. मग आम्हाला शेवटची एस.टी. गाठायची होती म्हणून त्याच्या आईने पानात बांधून दिलेला प्रसाद घेऊन आम्ही बॅटरीच्या उजेडात उतरणीला लागलो.